मावशीने हात लावण्याआधी

रात्रीचे साडेअकरा वाजून गेले होते. समोर काळा पडदा आणि त्यावर करड्या अक्षरांत तारखांची यादी. शून्यापासून आठपर्यंत, नऊ ओळी. प्रत्येक ओळीत आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मग तास-मिनिटं-सेकंद, मधे आडव्या रेघा. त्यापुढे एखादं अक्षर: रोजच्यासाठी डी, आठवड्याच्यासाठी डब्ल्यू. त्याच्याही पुढे वर्णनासाठी सोडलेली जागा. आठ ओळींपुढे ती जागा कोरी होती. सगळ्यात वरच्या, म्हणजे सगळ्यात जुन्या ओळीपुढे मात्र काहीतरी लिहिलेलं होतं. रोमन लिपीत, एकही कॅपिटल अक्षर न वापरता, घाईत खरडल्यासारखं. मी चष्मा कपाळावर चढवला, पडद्याजवळ तोंड नेलं आणि अक्षरं जुळवत वाचलं. मावशीने हात लावण्याआधी.

मावशी म्हणजे मी.

हे यंत्र दोन वर्षांपूर्वी भाच्याने मला लावून दिलं. जुनाच संगणक, त्यावर त्याने लिनक्स मिंट ही विंडोजसारखी यंत्रणा टाकली आणि जाता जाता टाइमशिफ्ट नावाचा एक प्रोग्रॅम सुरू करून ठेवला. रोज एक स्नॅपशॉट, म्हणजे यंत्रणेची त्या क्षणाची प्रत, घ्यायचा, पाच ठेवायचे, सहावा आला की त्यातला सगळ्यात जुना काढून टाकायचा. आठवड्याचे तीन, त्यांचंही तसंच. मला तेव्हा ते लोढणं वाटलं होतं. एक तर जागा खातं, आणि मधूनच डिस्क गुरगुरायला लागते ती याच्याचमुळे, असा माझा संशय. "कशाला हवंय हे?" मी विचारलं होतं. "असू दे मावशी, तुझ्या वाटेला जाणार नाही ते," तो म्हणाला. ते खरं निघालं. दोन वर्षांत मी त्याचं तोंडही पाहिलं नव्हतं.

झालं असं, की चार दिवस पडद्याच्या कोपऱ्यात एक सूचना डोकावत होती: डिस्क भरत आली आहे. मला भरलेल्या जागा बघवत नाहीत. कपाट असो, टेबलाचा खण असो, एकदा आवरायला घेतलं की मला थांबता येत नाही, आणि आवरताना मी वस्तूंकडे नीट बघत नाही, हा जुना दोष. त्या संध्याकाळी हातातली मुद्रितं तपासून झाली होती, तासभर मोकळा होता. आधी फोटोंचे फोल्डर उघडले; त्यातलं काही काढवेना. मग ज्यांच्यात जीव गुंतायचा प्रश्नच नव्हता अशांकडे वळले. इन्स्टॉल केलेल्या पॅकेजेसची, म्हणजे प्रोग्रॅम आणि त्यांना लागणाऱ्या सुट्या भागांची, यादी. शेकडो नावं, त्यातली कितीतरी 'लिब'ने सुरू होणारी, शेवटी आकडे. एक नाव मला अगदीच निरुपयोगी वाटलं. का, ते आता सांगता येणार नाही; वाचून काही बोध होत नव्हता, एवढंच त्याचं पाप. टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, उघडलं आणि ते काढून टाकायला सांगितलं. टर्मिनलने रीतसर विचारलं, याच्यावर अवलंबून असलेली पुढची पॅकेजेसही जातील, चालेल? खाली नावांचा सहा-सात ओळींचा ठोकळा होता. मुद्रितशोधन हा माझा धंदा आहे, लोकांच्या अनुस्वारांवर मी पोट भरते. आणि त्या ठोकळ्यातली पहिली तीन नावं वाचून मी होकाराचं वाय दाबलं. करायला गेले गणपती.

गंमत म्हणजे मारुती लगेच दिसला नाही. ओळी सरसर वर सरकल्या, त्यांत डेस्कटॉपचंच नाव ओझरतं दिसल्यासारखं वाटलं, पण तोवर उरकलं होतं. खिडक्या उघडत होत्या, मिटत होत्या, घड्याळ चालत होतं. थोडी जागा मोकळी झालेली पाहून मी खूशसुद्धा झाले. लिनक्समध्ये चालू असलेल्या प्रोग्रॅमची फाइल पुसली तरी तो प्रोग्रॅम चालतच राहतो, हे मला नंतर कळलं. फाइलचं नाव गेलेलं असतं, पण कुणीतरी तिला धरून बसलेलं आहे तोवर आतला मजकूर जात नाही. म्हणजे ज्या डेस्कटॉपवर बसून मी तासभर निवांत मेल वाचत होते, तो केव्हाच गेलेला होता. फक्त अजून बंद झाला नव्हता. मग मी यंत्र बंद केलं. अकराच्या पुढे काहीतरी एक शब्द तपासायचा राहिला म्हणून पुन्हा सुरू केलं, तेव्हा पडद्यावर लॉगिन एवढा एकच शब्द आला आणि त्यापुढे लुकलुकणारी रेघ. चित्र नाही, माउसचा बाण नाही. नाव टाइप केलं, मग पासवर्ड. पासवर्ड टाइप करताना तिथे ठिपकेसुद्धा उमटत नाहीत. आपली बोटं चालतायत की नाही, याचाही पत्ता लागत नाही.

पोटात गोळा आला. तो गोळा ओळखीचा होता.

पूर्वी अशा प्रत्येक दुखण्यावर एकच औषध असायचं, फॉरमॅट मारणे. त्याला 'मारणे' हे क्रियापद कुणी जोडलं कोण जाणे, पण चपखल आहे. यंत्र हळू झालं, मारा फॉरमॅट. आवाज येत नाही, मारा फॉरमॅट. मग ज्याला 'त्यातलं कळतं' असा एखादा माणूस सीडींचं पाकीट घेऊन यायचा, ट्रे घरघरत बाहेर यायचा, आणि पंचवीस अक्षरांचा तो क्रमांक एकाने वाचायचा, दुसऱ्याने टाइप करायचा. बी की डी यावरून हमखास वाद. विंडोज एक्सपीच्या पडद्यावर 'अंदाजे ३९ मिनिटं' असं यायचं आणि ती ३९ मिनिटं मोजायला घड्याळ उपयोगी पडायचं नाही. शेवटी ते स्वच्छ, हिरवं-निळं, परकं दृश्य उगवायचं. सगळं चाललेलं असायचं आणि आपलं काहीच नसायचं. आपलं जे होतं ते 'डी ड्राइव्हला टाकलंय ना?' या प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून. एकदा माझं उत्तर 'बहुतेक हो' असं होतं. त्या 'बहुतेक'मध्ये माझे वर्षभराचे टिपणांचे कागद गेले. कागद म्हणते, पण ते कागदावर नव्हतेच, हेच तर दुखणं.

मागे जायची सोय तेव्हाही नव्हती असं नाही. २००० साली विंडोज एमईबरोबर सिस्टिम रिस्टोर आलं होतं, आणि एक्सपीत तर त्याचं चक्क कॅलेंडर उघडायचं. ज्या दिवसांना परत जाता येईल त्या तारखा ठळक, बाकीच्या फिक्या. मला ते कॅलेंडर फार आवडायचं. महिन्यातले चार-पाचच दिवस परतण्याजोगे, ही कल्पनाच मोठी होती. पण ते वापरायचा धीर कधी झाला नाही, कारण कुणीतरी सांगितलं होतं की व्हायरस काढायचा तर आधी रिस्टोर बंद करा, नाहीतर तो तिथे दडून राहतो. हेही खरंच होतं. जपून ठेवणाऱ्याला आजार कुठला आणि अवयव कुठला ते कळत नाही. जसं असेल तसं तो उचलून ठेवतो.

तर त्या रात्री. कॅबिनेटच्या बाजूला भाच्याने चिकटवलेली एक पिवळी चिठ्ठी होती, दोन वर्षांत धुळीने करडी झालेली. 'काळा पडदा आला तर घाबरू नकोस' ही तिची पहिली ओळ मला पाठ होती, कारण पुढचं मी कधी वाचलंच नव्हतं. खाली दोन आज्ञा होत्या. पहिली यादी दाखवण्याची, दुसरी परत आणण्याची. पहिली टाइप केली, तीनदा चुकून चौथ्यांदा बरोबर, आणि वरती सांगितली ती नऊ ओळींची यादी आली.

आणि तिच्यात मी.

राग आला आधी. इतक्या रात्री, इतकी फजिती झालेली असताना, यंत्रातून कुणीतरी दोन वर्षांपूर्वीच हसून ठेवलंय. मग राग ओसरला आणि विचित्र मोह झाला. त्याच ओळीला परत जावं. शून्य क्रमांक. माझा हात लागण्याआधीचं. एकही निरुद्योगी प्रयोग न झालेलं, मी काहीबाही न डकवलेलं, नको तिथे न खोदलेलं. एक आकडा टाइप केला की मिळणार होतं. बोट शून्याच्या बटणावर ठेवलंही होतं. पण मग एकेक आठवायला लागलं. सगळ्या प्रोग्रॅम्सना दिसावेत म्हणून मी बसवलेले फॉन्ट जातील. प्रिंटर ओळखीचा करून घ्यायला एक अख्खी दुपार घालवली होती, ती जाईल. स्कॅनरचं तेच. दोन वर्षांचे सुरक्षेचे अपडेट जातील, म्हणजे बुजवलेली सगळी भोकं पुन्हा उघडी. माझा हात लागण्याआधीचं ते यंत्र सुंदर असेल, पण त्याच्यावर माझं एक पानसुद्धा छापून निघणार नाही. मी आठ टाइप केलं. त्याच दिवशीची सकाळ, दहा वाजून शून्य मिनिटं एक सेकंद. कुठली डिस्क, यंत्र सुरू करताना यंत्रणेला जागं करणारा बूट लोडर पुन्हा बसवायचा का, असे दोन-तीन प्रश्न झाले. या वेळी प्रत्येक ओळ दोनदा वाचली आणि मग वाय दाबलं. काम पूर्ण होईपर्यंत मधे काही करू नका, झाल्यावर यंत्र आपोआप पुन्हा सुरू होईल, अशी ताकीद आली आणि डिस्क गुरगुरू लागली. तीच ती गुरगुर.

पंधराएक मिनिटं लागली असतील. अंधारात बसून मी सकाळी दहा वाजता काय करत होते ते आठवायचा प्रयत्न केला. काही आठवलं नाही. स्नॅपशॉट हा शब्द मुळात शिकाऱ्यांचा. नीट नेम न धरता चटकन झाडलेली गोळी. १८६० साली जॉन हर्शेल या शास्त्रज्ञाने तो छायाचित्राला लावला. आम्ही फोटो काढायचो ते काहीतरी घडत असताना, सगळे एका रांगेत उभे राहून, पोट आत घेऊन. या प्रोग्रॅमला तसलं काही लागत नाही. तासाच्या ठोक्याला जागा व्हायचं, आजचा घेतलाय का बघायचं, नसेल तर घ्यायचा. काहीच घडत नसलेल्या एका सकाळचा एक सेकंद. आणि रात्री मला उचलून नेऊन ठेवायला तोच उपयोगी पडत होता.

पडदा क्षणभर विझला आणि मग नेहमीचं चित्र आलं. खाली पट्टी, कोपऱ्यात घड्याळ. मी हात न लावता बराच वेळ नुसती बघत बसले. मग कोपऱ्यात सूचना आली, डिस्क भरत आली आहे. ये रे माझ्या मागल्या! तिच्यापाठोपाठ अपडेट आल्याची सूचना. मी दुपारीच घेतलेले तेच सगळे अपडेट यंत्र नव्या बातमीसारखे पुन्हा सांगत होतं. त्याच्या लेखी दुपार झालीच नव्हती. संध्याकाळी तपासलेल्या मुद्रितांची फाइल उघडली, तर ती मात्र होती, शेवटच्या दुरुस्तीसह. टाइमशिफ्ट आपण सांगितल्याशिवाय आपल्या घराला, म्हणजे ज्याला लिनक्समध्ये होम म्हणतात त्या फोल्डरला, हात लावत नाही. ते फक्त यंत्रणा मागे नेतं. आपली पत्रं, टिपणं, फोटो जिथल्या तिथे. नाहीतर एक बिघाड सुधारायला जाऊन दिवसभराचं लिहिलेलं पुसलं गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला एक वेडी खोड सुचली. पॅकेज कुठलं टाकलं, कुठलं काढलं, याची नोंद यंत्र एका लॉगमध्ये ठेवतं. ती उघडून पाहिली. आदल्या संध्याकाळचं काही नव्हतं. लॉगच मागे नेलेला असल्याने त्यात माझा गुन्हा दाखल नव्हता. सरकारी दप्तरात मी निर्दोष. मग सहज टर्मिनल उघडलं आणि वर जाण्याच्या बाणाचं बटण एकदा दाबलं, आधीची आज्ञा परत आणायला दाबतात तसं. माझी कालची आज्ञा, शब्दन् शब्द, समोर येऊन उभी राहिली. एंटर दाबायची खोटी. टाइप केलेल्या आज्ञांचा इतिहास होममध्ये राहतो ना. यंत्र विसरलं होतं, माझ्या खोलीतली माझीच वही विसरली नव्हती. मी ती ओळ एकेक अक्षर मागे जात पुसली, जपून, एंटरपासून बोट लांब ठेवून.

मग भाच्याला फोन केला. सगळं ऐकून तो आधी म्हणाला, "पायथन नाही ना काढलंस? लोक पायथन काढतात." पायथन ही प्रोग्रॅम लिहिण्याची एक भाषा. नाही म्हटल्यावर, "मग ठीक आहे," अशा आवाजात की जणू मी परीक्षेत बऱ्यापैकी गुण मिळवलेत. पुढे त्याने दम भरला, की हे सगळे स्नॅपशॉट त्याच डिस्कवर आहेत, डिस्क गेली तर नऊच्या नऊ जातील. आणि तुझे फोटो यांच्यात नाहीतच, ते वेगळ्या डिस्कवर काढ, जागाही होईल. हे त्याने मला आधीही सांगितलं होतं. माझा प्रश्न वेगळा होता. एवढ्या डिस्कमध्ये सबंध यंत्रणेच्या नऊ प्रती मावतात कशा?

"मावत नाहीत," तो म्हणाला. "पहिली तेवढी पूर्ण प्रत. पुढच्या वेळी जे बदललं तेवढंच नव्याने घेतात. जे बदललं नाही त्याला फक्त आणखी एक नाव देतात." मला ते पटेना, तेव्हा त्याने फोनवरच एक आज्ञा सांगून एक जुनी फाइल बघायला लावली. फाइलच्या ओळीत, परवानग्यांच्या अक्षरांनंतर, एक आकडा होता: ९. एकच फाइल, एकाच जागी पडलेली, तिची नऊ नावं. नऊ वेगवेगळ्या तारखांच्या फोल्डरांमधून तिच्याकडे बोट दाखवलेलं. एक फोल्डर काढला तर आठ राहतील, आणखी एक काढला तर सात. शेवटचं नाव पुसलं गेलं की मगच ती जाते. मी त्या नऊच्या आकड्याकडे बघत राहिले. दोन वर्षं न बदललेलं असं किती असेल तिथे?

"ती सगळ्यात जुनी आता काढून टाक," तो म्हणाला. "तिच्यातलं बरंचसं बदलून गेलंय, म्हणजे ते सगळं तिने एकटीने धरून ठेवलंय. ती हाताने घेतलेली आहे, आपणहून जाणार नाही."

"तिच्यापुढे काय लिहिलंयस माहितीये का?"

"लिहिलंय? काय?"

मी वाचून दाखवलं. तो मोठ्याने हसला, मग ओशाळला, मग म्हणाला, "शपथ, आठवत नाही गं. मी लिहिलं असेन?" त्याला खरंच आठवत नव्हतं. मला उगीच थोडं वाईट वाटलं. रात्री मी ज्याच्याशी एवढी भांडले होते तो जाग्यावर नव्हताच. मग सहज विचारलं, की एरवी मला सगळं देवनागरीत पाठवतोस, हेच का रोमनमध्ये?

"त्या काळ्या पडद्यावर देवनागरी उमटत नाही. नुसते ठोकळे येतात," तो लगेच म्हणाला. "तुला वाचता आलं नसतं."

मी काही बोलले नाही. ओळ आठवत नव्हती त्याला, पण ती मी कुठे वाचणार, हे ठाऊक होतं. हात लावण्याआधी असं लिहिताना त्याने हात लागणार हे धरलंच होतं, काळा पडदा येणार हेही धरलं होतं, आणि तिथवर मी एकटी पोहोचणार, चष्मा कपाळावर चढवून अक्षरं जुळवणार, हेसुद्धा. चिठ्ठीसुद्धा त्याच दिवशीची असणार.

संध्याकाळी फोटो दुसऱ्या डिस्कवर काढले. नीट बघून, एकेक फोल्डर. कोपऱ्यातली सूचना गेली. मग टाइमशिफ्टची खिडकी उघडली, दोन वर्षांत पहिल्यांदाच. शून्य क्रमांकाची ओळ निवडून पुसण्याच्या बटणापर्यंत गेले आणि परत आले. जागा आहे आता. त्याऐवजी नवीन स्नॅपशॉट घ्यायला सांगितला. डिस्क गुरगुरली, यादीच्या तळाशी दहावी ओळ आली. तिच्या वर्णनाच्या जागेत जाऊन मी टाइप केलं: मावशीने हात लावल्यानंतर. इथे देवनागरी छान उमटली, जोडाक्षरांसकट. थोडा वेळ बघितलं आणि पुसलं. कळफलक बदलला आणि तेच रोमनमध्ये पुन्हा लिहिलं, एकही कॅपिटल अक्षर न वापरता.